संकुचित फाइल : संगणकातील अंगभूत साधने आणि माहितीची सुलभता

केंद्र सरकारच्या सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाने २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची घटकस्तरीय आकडेवारी २०२४ मध्ये खुली केली. या सर्वेक्षणात देशभरातील २,६१,७४६ कुटुंबांची माहिती संकलित झाली असून त्यांपैकी १,५५,०१४ कुटुंबे ग्रामीण व १,०६,७३२ कुटुंबे नागरी भागातील आहेत. दारिद्र्य, आहारातील बदल, ग्रामीण-नागरी विषमता यांविषयी मांडले जाणारे निष्कर्ष आता कोणताही अभ्यासक मूळ नोंदींवरून पडताळून पाहू शकतो. एकेकाळी ही संधी मोठ्या संशोधन संस्थांपुरती मर्यादित होती.

अशा स्वरूपाची आकडेवारी सहसा सुट्या फाइलींच्या रूपाने हाती येत नाही. नोंदींच्या फाइली, प्रश्नावली, संकेतसूची आणि मार्गदर्शक टिपा एकत्र बांधून व आकाराने लहान करून एकच फाइल तयार केली जाते. हीच संकुचित फाइल होय. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांचे ऑफलाइन साधन, आयकर विवरणपत्रे भरण्यासाठीच्या एक्सेल फाइली, शेअर बाजारातील दैनंदिन व्यवहारांचे तपशील, प्रश्नपत्रिकांचे संच असे बरेच साहित्य याच रूपाने वितरित होत आले आहे. फाइल उतरवून घेतली, पण उघडता आली नाही, तर माहिती प्रसिद्ध होऊनही नागरिकाच्या दृष्टीने ती अप्रसिद्धच राहते.

अशा वेळी अनेक जण सायबर कॅफेत पैसे मोजतात किंवा महाजालावर सापडेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेतात. पहिल्या मार्गात खर्च होतो, दुसऱ्यात धोका पत्करला जातो. वास्तविक प्रचलित संगणकांत आणि बहुतेक स्मार्टफोनमध्ये हे काम करणारी साधने आधीच बसवलेली असतात. ती विनाशुल्क का उपलब्ध झाली, ती कशी वापरावीत आणि सार्वजनिक माहितीच्या धोरणाशी त्यांचा संबंध काय, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

संकोचनाचे तत्त्व

संग्रह आणि संकोचन या दोन भिन्न क्रिया आहेत. अनेक फाइली एका वेष्टनात बांधणे म्हणजे संग्रह, तर मजकुरातील पुनरुक्ती हेरून तो कमी जागेत मांडणे म्हणजे संकोचन. लिनक्स प्रणालीत वापरात असलेले टार हे स्वरूप मुळात केवळ बांधणी करते आणि आकार कमी करण्याचे काम जीझिपसारख्या दुसऱ्या साधनाकडे सोपवते. झिप, आरएआर आणि सेव्हन-झेड या स्वरूपांत दोन्ही क्रिया एकत्र होतात.

या शास्त्राचा सैद्धांतिक पाया क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातला. संदेशात जितकी अनिश्चितता अधिक, तितकी त्यातील माहिती अधिक. उलट, जो भाग अंदाजाने सांगता येतो, तो लिहिण्यासाठी जागा खर्च करण्याची गरज नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अंतिम परीक्षा किंवा शोधनिबंध असा पर्याय दिला होता. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड, तर क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत देण्याची सर्वांत काटकसरीची रीत शोधून काढली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७७ मध्ये इस्रायलमधील अब्राहम लेंपेल व जेकब झिव यांनी निराळी पद्धत मांडली. एखादा शब्दसमूह पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे उचल’ एवढाच निर्देश ठेवायचा. या दोन पद्धतींच्या संयोगातून डिफ्लेट ही पद्धत तयार झाली आणि झिप फाइलींमध्ये आजही मुख्यत्वे तीच वापरली जाते.

सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘ग्रामीण’ हा शब्द किंवा एखाद्या राज्याचा संकेतांक लाखो ओळींत पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे असा तक्ता फार मोठ्या प्रमाणात आकसतो. छायाचित्रांच्या जेपीईजी फाइली किंवा चित्रफिती आधीच संकुचित असल्याने त्यांची झिप फाइल केली, तरी आकारात फारसा फरक पडत नाही. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जेपीईजी पद्धतीत डोळ्यांना न जाणवणारा काही तपशील कायमचा गाळला जातो. झिप पद्धतीत मात्र उलगडलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते. आकडेवारीच्या बाबतीत ही अट अनिवार्य आहे, कारण एक अंक बदलला तरी निष्कर्ष बदलू शकतो.

यातून होणारी बचत साध्या गणिताने स्पष्ट होते. समजा, १२० मेगाबाइटची फाइल सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून उतरवायची आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने त्यास ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे लागतील. तीच फाइल एक चतुर्थांश आकाराची झाली, तर चार मिनिटे पुरतात. ज्या भागात जोडणी मंद आणि बेभरवशाची आहे, तेथे हा फरक फाइल मिळणे आणि न मिळणे यांतील फरक ठरतो.

खुल्या स्वरूपाचे अर्थशास्त्र

संकुचित फाइल उघडण्याची सोय आज विनामूल्य वाटत असली, तरी तिच्यामागे मालकीहक्काचा मोठा संघर्ष आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात एआरसी या स्वरूपाचे चलन होते. त्याच्याशी सुसंगत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्यावर मूळ कंपनीने १९८८ मध्ये दावा दाखल केला व तो तडजोडीने मिटला. त्यानंतर १९८९ मध्ये कॅट्झ यांनी झिप हे नवे स्वरूप आणले आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. त्यामुळे अन्य कोणालाही ही फाइल बनवणारे वा उघडणारे साधन परवानगीशिवाय तयार करता येऊ लागले.

याच काळात एलझेडडब्ल्यू या दुसऱ्या लोकप्रिय पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. जीआयएफ प्रकारची चित्रे याच पद्धतीवर आधारलेली असल्याने तिच्या वापरासाठी शुल्क आकारले जाणार, हे १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले. परिणामी विकासकांनी पर्याय शोधले आणि पीएनजी हे चित्रस्वरूप डिफ्लेट पद्धतीवर उभे राहिले. डिफ्लेटचे तपशीलवार विवरण मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पेटंटच्या अडथळ्याशिवाय अमलात आणता येईल अशी पद्धत उपलब्ध करणे, हाच त्यामागील उद्देश होता. एलझेडडब्ल्यूचे अमेरिकेतील पेटंट २००३ मध्ये संपले, परंतु तोपर्यंत खुल्या पद्धतीने आपले स्थान पक्के केले होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत खुले मानक ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. शिवाय येथे जालपरिणाम दिसून येतो. जितके अधिक लोक एखादे स्वरूप वापरतात, तितके ते प्रत्येकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये झिप उघडण्याची सोय दिली आणि ॲपलच्या संगणकांतही ती अंतर्भूत झाली. वर्ड व एक्सेलच्या आजच्या फाइली, ओपन डॉक्युमेंट स्वरूपातील दस्तऐवज, ई-पब पुस्तके आणि अँड्रॉइड उपयोजनांच्या फाइली याही आतून झिप संग्रहच असतात.

अंगभूत साधनांचा वापर

विंडोज प्रणालीत झिप फाइलवर माउसचे उजवे बटण दाबल्यास ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ हा पर्याय दिसतो. तो निवडून कोणत्या फोल्डरमध्ये फाइली ठेवायच्या ते सांगितले की काम पूर्ण होते. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. झिप फाइलवर दोनदा क्लिक केल्यास ती साध्या फोल्डरसारखी उघडते आणि आतील फाइली दिसू लागतात. त्यामुळे ती उलगडली गेली, असे वाटते. प्रत्यक्षात वापरकर्ता संग्रहाच्या आत केवळ डोकावत असतो. तेथूनच एक्सेलची फाइल उघडून माहिती भरली, तर ती तात्पुरत्या प्रतीत भरली जाते आणि जतन न होण्याची शक्यता असते. कराच्या ऑफलाइन साधनांना शेजारच्या अन्य फाइलींचीही गरज असते व त्या संग्रहात बंद असल्याने साधन चालत नाही. म्हणून आधी पूर्ण उलगडणे आणि मगच काम सुरू करणे, हा क्रम पाळावा.

आरएआर आणि सेव्हन-झेड या स्वरूपांसाठी विंडोजवर दीर्घकाळ बाहेरील सॉफ्टवेअर आवश्यक होते. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ही स्वरूपे उलगडण्याची सोय अंतर्भूत झाली. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आदेशपंक्तीवर चालणारे टार हे साधनही देण्यात आले.

ॲपलच्या मॅक संगणकावर फाइलवर दोनदा क्लिक करताच आर्काइव्ह युटिलिटी हे साधन त्याच ठिकाणी उलगडलेला फोल्डर तयार करते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत फाइलवर उजवे बटण दाबून हेच काम होते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही लिनक्सवर आधारलेली आहे. मोबाइलपुरतेच साधन हाती असलेल्या विद्यार्थ्यांचीही अडचण आता उरलेली नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असलेले ‘फाइल्स’ हे गूगलचे उपयोजन झिप फाइल उलगडते आणि आयफोनवर २०१९ मधील तेराव्या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे.

फाइल न उघडण्याची कारणे

संकुचित फाइल उघडली नाही, की साधन सदोष आहे असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा कारण निराळे असते. झिप फाइलची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते. फाइल उतरवताना जोडणी तुटली आणि शेवटचा अंश राहून गेला, तर आत काय आहे हेच साधनाला कळत नाही व फाइल अवैध असल्याचा संदेश येतो. अशा वेळी नवे सॉफ्टवेअर शोधण्याऐवजी संकेतस्थळावर दिलेला आकार ताडून पाहावा आणि फाइल पुन्हा उतरवावी. प्रत्येक फाइलसोबत ३२ बिटांचा एक पडताळा अंकही नोंदवलेला असतो. उलगडताना तो जुळला नाही, तर मजकूर वाटेत बिघडला आहे, असे समजावे.

दुसरे कारण जागेचे असते. उलगडलेल्या फाइलींना मूळ आकाराइतकी जागा लागते. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने आखलेला असेल, तर त्यावर चार गिगाबाइट वा त्याहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. तिसरे कारण लांबलचक नावांचे. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसह फाइलचा पूर्ण पत्ता सर्वसाधारणपणे २६० वर्णांच्या मर्यादेत बसावा लागतो. फोल्डरात फोल्डर अशी रचना असल्यास संग्रह थेट ड्राइव्हवरील छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उलगडल्याने हा प्रश्न सुटतो. चौथे कारण संकेतशब्दाचे असते. एईएस या भक्कम पद्धतीने कुलूपबंद केलेली झिप फाइल विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील अंगभूत साधनाने उघडत नाही. तेथे संकेतशब्द अचूक असूनही अपयश येते आणि सेव्हन-झिपसारखे मुक्त सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत स्थळावरून घेणे इष्ट ठरते.

भारतीय भाषांचा प्रश्न

हा विषय भारतीय भाषांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. झिपची मूळ रचना रोमन लिपी गृहीत धरून झाली होती. देवनागरी, तमिळ वा बंगाली लिपीतील फाइलनावे उलगडल्यावर अगम्य चिन्हांत बदलत असत आणि विंडोजच्या काही आवृत्त्या अशा नावाची फाइल संकुचित करण्यासच नकार देत. २००६ मध्ये झिपच्या विवरणात युनिकोडमधील यूटीएफ-८ पद्धतीच्या नावांची तरतूद झाली. जुन्या संगणकांवर आजही ही अडचण येऊ शकते. त्यामुळे सर्वदूर पाठवायच्या संग्रहात फाइलनावे रोमन लिपीत ठेवण्याची प्रथा पडली आहे.

मजकुराच्या आकाराचे गणितही लक्षणीय आहे. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात. परंतु या तीन बाइटांपैकी पहिला सर्व देवनागरी चिन्हांसाठी सारखाच असतो आणि दुसऱ्याला केवळ दोनच पर्याय असतात. म्हणजेच वाढलेल्या आकाराचा बराचसा भाग पुनरुक्तीचा असतो आणि संकोचनात तो मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. भारतीय भाषांतील अभ्याससाहित्य संकुचित स्वरूपात वितरित केल्याने होणारी बचत त्यामुळेच ठळक असते.

सुरक्षिततेचे भान

बंद वेष्टनाप्रमाणे संकुचित फाइलही आतील वस्तू दडवते. याचा गैरफायदा घेऊन घातक सॉफ्टवेअर पसरवले जाते. देयक किंवा निकालपत्र असल्याचे भासवणाऱ्या फाइलचे नाव पीडीएफसारखे दिसते, पण त्याचा शेवट ईएक्सई या अक्षरांनी होतो. उलगडल्यानंतर फाइलचे पूर्ण नाव पाहावे व अनपेक्षित चालणारी फाइल उघडू नये. संग्रहाचा आकार लहान आहे म्हणून तो निरुपद्रवी असेलच असेही नाही. ‘४२ डॉट झिप’ या नावाने ओळखली जाणारी सुमारे ४२ किलोबाइटची फाइल पूर्ण उलगडल्यास सुमारे साडेचार पेटाबाइट जागा मागते. संगणक कोलमडावा, या हेतूनेच अशी फाइल रचलेली असते.

उलगडणारे सॉफ्टवेअरही निर्दोष असते असे नाही. विनरार या बहुप्रचलित साधनात सुमारे १९ वर्षे दडलेला गंभीर दोष २०१९ मध्ये उजेडात आला. अशा साधनांत आपोआप अद्ययावत होण्याची सोय नसेल, तर दोष दुरुस्त झाल्यावरही वापरकर्ता जुनीच आवृत्ती चालवत राहतो. प्रणालीतील अंगभूत साधने मात्र प्रणालीबरोबरच अद्ययावत होतात, हा त्यांचा मोठा लाभ आहे. भारतात संगणकीय सुरक्षेच्या घटनांबाबत सूचना देण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब अन्वये सर्ट-इन या संस्थेकडे आहे.

संकुचित फाइल गोपनीयतेसाठीही वापरली जाते. आधारच्या कागदविरहित ऑफलाइन ई-केवायसीची रचना याचे उदाहरण होय. नागरिकाने स्वतः ठरवलेल्या चार वर्णांच्या संकेताने झिप फाइल कुलूपबंद करण्याची आणि आतील माहितीवर प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असण्याची व्यवस्था तीत ठेवण्यात आली. फाइल आणि तिचा संकेतशब्द एकाच संदेशातून पाठवल्यास मात्र अशा कुलपाला अर्थ उरत नाही.

धोरणात्मक चौकट

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ (ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा अधिकार समाविष्ट आहे, तर कलम ४ अभिलेखांचे संगणकीकरण आणि माहितीचे स्वयंस्फूर्त प्रकटीकरण यांवर भर देते. ई-शासनासाठी खुल्या मानकांचे राष्ट्रीय धोरण २०१० मध्ये आले. राष्ट्रीय माहिती सामायिकरण व सुलभता धोरण २०१२ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याच वर्षी खुल्या शासकीय माहितीचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. शासकीय माहिती कोणत्याही एका कंपनीच्या उत्पादनावर अवलंबून राहू नये, हे या धोरणांमागील समान सूत्र आहे.

या सूत्राची कसोटी फाइलच्या वेष्टनापासूनच सुरू होते. कार्यालयाने आकडेवारी आरएआर स्वरूपात ठेवली, तर जुना संगणक वापरणाऱ्या नागरिकावर सॉफ्टवेअर शोधण्याचा भार पडतो. झिप निवडल्यास हा भार शून्यावर येतो आणि त्यासाठी शासनास एक रुपयाही अधिक खर्चावा लागत नाही. फाइलचा आकार व पडताळा अंक संकेतस्थळावर देणे, आत काय आहे याची लहानशी सूची जोडणे आणि प्रादेशिक भाषेत दोन ओळींची सूचना लिहिणे, हे उपायही तितकेच अल्पखर्ची आहेत.

अंकीय दरीचा विचार सहसा संगणकांची संख्या आणि जोडणीचा वेग यांच्या आधारे होतो. परंतु संगणक आहे, जोडणी आहे, फाइलही उतरलेली आहे आणि तरीही माहिती हाती नाही, अशी अवस्था या मोजमापांत दिसत नाही. ती दूर करण्यासाठी नव्या योजनेची किंवा खरेदीची आवश्यकता नाही. माहिती देणाऱ्याने खुले स्वरूप निवडावे आणि घेणाऱ्याने आपल्याच संगणकातील साधन ओळखावे, इतके पुरेसे आहे. तसे झाले, तर राज्याच्या राजधानीतील संशोधक आणि दूरच्या तालुक्यातील विद्यार्थी एकाच आकडेवारीसमोर समान पातळीवर उभे राहू शकतील.